औषधाची चूक सांगावी कशी?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस असें वाटलें असेल कीं, औषधांविषयीं बोलावयाचें तर एखाद्या डॉक्टरास किंवा फार्मसी कॉलेजांतील प्राध्यापकास बोलवावें. रनाळ्याच्या एका निवृत्त शाळामास्तराचें येथें काय काम? शंका रास्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. रसायनशास्त्राशीं माझा संबंध शाळेंतील लिटमसच्या कागदापलीकडे कधीं गेला नाहीं. परंतु औषधाच्या दुकानांतून चुकीची गोळी रोग्याच्या हातांत गेली, तर ती गोष्ट त्याला सांगावी कशी, या प्रश्नाचा अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा भाषेचा आहे. आणि भाषा शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें आहे. तेव्हां या अर्ध्या भागापुरता माझा अधिकार आपण मान्य कराल, अशी आशा आहे.

औषधाची चूक ही आळशी किंवा बेफिकीर माणसाच्याच हातून होते, असा आपला एक समज असतो. तो प्रथम दूर केला पाहिजे. नांवांचेंच पाहा. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ अशीं हिंवतापावरील दोन औषधें बाजारांत आलीं. नांवें जुळ्या भावांसारखीं, आंतील द्रव्यें मात्र निराळीं. या नांवांवरून दोन कंपन्यांमध्यें भांडण जुंपलें आणि तें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २००१ सालीं न्यायालयानें असें सांगितलें कीं, इतर मालाच्या नांवांतील सारखेपणापेक्षां औषधांच्या नांवांतील सारखेपणाकडे अधिक कडक दृष्टीनें पाहिलें पाहिजे. कारण येथील घोटाळा जिवावर बेततो. पुढें २०१६ सालीं, तेव्हांच्या भारतीय वैद्यक परिषदेनें, डॉक्टरांनीं औषधांचीं नांवें सुवाच्य आणि शक्यतों मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावींत असा नियम केला. नियम झाला; अक्षर मात्र ज्याचें त्याचें राहिलें. मुलांचें अक्षर सुधारण्याचा उद्योग मीं जन्मभर केला आहे, त्यामुळें डॉक्टरांची चिठ्ठी दिसली कीं माझा हात आपोआप तांबड्या शाईकडे जातो.

दुसरी चूक वेळेची. संधिवातावर मेथोट्रेक्झेट नांवाचें एक औषध देतात. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. त्याच्या जोडीला, त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून, फॉलिक ॲसिडची गोळी देतात. दोन्ही गोळ्या बहुधा लहान आणि पिवळसर. आठवड्याची गोळी रोज पोटांत गेली तर तोंडांत फोड येतात, रक्त तयार करणाऱ्या मज्जेचें काम मंदावतें आणि माणूस दगावूंहि शकतो. जगांतील अनेक देशांत या एका गोळीनें वारंवार घात केला आहे. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ. त्यांना फॉलिक ॲसिड रोज घ्यावयास सांगतात. म्हणजे एकाच घरांत, एकाच डब्यांत, नातवाची रोजची गोळी आणि आजीची आठवड्याची गोळी शेजारीं शेजारीं पडलेली असण्याचा संभव आहे.

यांत भाषेची भर पडते. ‘आठवड्याला एक’ आणि ‘आठवडाभर एक’ यांत अक्षरांचा फरक किती? गर्दीच्या वेळीं, मोटारींच्या आवाजांत, कानानें थोडें कमी ऐकणाऱ्या माणसाला हा फरक ऐकूं येईलच असें नाहीं. आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत तर दुकानाच्या फळीपुढें उभा असलेला माणूस कोणती भाषा घेऊन आला आहे, हेंच आधीं ओळखावें लागतें. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, डोंगरांत पावरी, भिली, नवापूरकडे मावची. पाठ्यपुस्तकी मराठींत दिलेली सूचना त्याच्या घरापर्यंत शाबूत पोंचेल याची खात्री कोणी द्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं जर्मनींतील बॉन शहरीं औषधांमुळें होणारी टाळतां येण्याजोगी हानि कमी करण्याची एक मोहीम जाहीर केली. औषधांच्या चुकांपायीं जगाला दरसाल सुमारें ४२ अब्ज डॉलरांचा भुर्दंड पडतो, असा अंदाज त्या वेळीं दिला गेला. आकडा मोठा आहे, इतका मोठा कीं तो मनाला लागत नाहीं. मनाला लागतें तें आपल्या घराजवळचें. यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी तालुक्यांत कापसी-कोपरी या गांवीं ३१ जानेवारी २०२१ रोजीं, पल्स पोलिओच्या दिवशीं, पांच वर्षांखालील १२ मुलांना लसीच्या थेंबांऐवजीं हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयांत नेण्यांत आलें आणि सुदैवानें तीं सुखरूप घरीं परतलीं. तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. कारवाई योग्य कीं अयोग्य, याचा निवाडा मी करीत नाहीं. पण अशा वेळीं आईच्या तोंडीं जे प्रश्न येतात ते असे असतात: माझ्या लेकराच्या पोटांत काय गेलें? आतां त्याला काय होईल? मी काय करूं? या प्रश्नांचीं उत्तरें निलंबनाच्या हुकुमांत नसतात. तीं कोणा तरी माणसाला, त्या आईच्या समोर उभें राहून, तोंडानें द्यावीं लागतात. त्या माणसाला हें बोलणें कोणीं शिकविलें आहे काय, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

न बोलल्यानें काय होतें, याची एक हकीकत सांगतों. आमच्या पंचक्रोशींतीलच आहे. गांव आणि दुकान यांचीं नांवें मात्र सांगणार नाहीं, त्यांची जरुरी नाहीं. एका म्हाताऱ्या बाईंना रक्तदाबाची गोळी चालूं होती. एका महिन्यांत दुकानांतून त्या गोळीऐवजीं ग्लिमेपिराइड, म्हणजे मधुमेहाची, रक्तांतील साखर उतरविणारी गोळी गेली. बाईंना मधुमेह नव्हता. दुसऱ्या दिवशीं एकादशी. पोटांत अन्न नाहीं आणि सकाळीं ही गोळी. दुपारीं दरदरून घाम सुटला, हातपाय कांपूं लागले, जीभ अडखळूं लागली. घरच्यांना वाटलें, उपास बाधला. गोड चहा दिला, बरें वाटलें. पुढल्या दिवशीं पुन्हां तेंच. चौथ्या दिवशीं दुकानांतील मुलगा घरीं आला. “आजी, कंपनीनें ही गोळी परत मागविली आहे, नवी घ्या,” असें म्हणून त्यानें पाकीट बदलून नेलें. चूक त्याच्या ध्यानांत आली होती. ती दुरुस्त करण्यासाठीं तो भर उन्हांतून मोटारसायकल हांकीत आला होता. मुलगा मनाचा वाईट नव्हता. परंतु जें एक वाक्य बोलावयास हवें होतें, तेंच त्याच्या तोंडून निघालें नाहीं.

त्या एका वाक्याच्या अभावीं पुढें काय झालें पाहा. बाईंना शहरांत डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं विचारलें, “कोणतीं औषधें चालूं आहेत?” घरच्यांनीं नवें पाकीट दाखविलें. मग थरथर कशाची? जीभ कां अडखळली? डॉक्टरांना मेंदूची शंका आली. मेंदूचा फोटो निघाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, दोन दिवस दवाखान्यांत काढले. कापसाच्या पैशांतील मोठा वांटा त्यांत गेला. पुढें कित्येक दिवस बाईंना रात्रीं एकटें निजूं देत नसत. अखेर नातवाला औषधाच्या डब्याच्या तळाशीं जुन्या पाकिटाचा कात्रीनें कापलेला तुकडा सांपडला. त्यावर अर्धें नांव होतें, आणि कोडें उलगडलें. त्या घरचें कोणीहि पुन्हां त्या दुकानाची पायरी चढलें नाहीं. मीं बाईंना विचारलें, “एका चुकीवरून इतकें?” त्या म्हणाल्या, “चुकीवरून नाही, मास्तर. खोटं बोलला म्हणून.”

आतां शिक्षणाकडे वळूं. एके काळीं दवाखान्यांतील कंपाउंडर औषधें मिसळून बाटली भरून देई आणि बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. एक खूण म्हणजे एक डोस. आमच्या वडिलांच्या पिढीचें सारें औषधशास्त्र त्या पट्टींत सामावलेलें होतें. औषध देणाऱ्या माणसाला रीतसर शिक्षण हवें, असें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनें १९३०-३१ सालीं आग्रहानें मांडलें, आणि १९४८ सालीं फार्मसीचा कायदा झाला. आज डी. फार्म.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यावर ५०० तासांचें प्रत्यक्ष काम आहे. २०२० सालच्या नियमांप्रमाणें झालेल्या या अभ्यासक्रमांत औषधांच्या चुका, त्यांचे प्रकार, त्यांचे परिणाम, सारख्या नांवांचीं औषधें, तीं वेगळीं ओळखूं यावींत म्हणून नांवांतील फरकाचीं अक्षरें मोठीं छापण्याची पद्धति, हें सर्व अंतर्भूत आहे. त्यापूर्वीं २०१५ च्या व्यवसायविषयक नियमांनीं रोग्याला औषध समजावून सांगणें हें फार्मासिस्टाचें कर्तव्य ठरविलें: औषध कशासाठीं, किती, केव्हां, तें ठेवावें कोठें, आणि एखादी मात्रा चुकली तर काय करावें. येथें ‘मात्रा चुकली तर’ या शब्दांकडे मी आपलें लक्ष वेधतों. ही चूक रोग्याची आहे. रोगी चुकला तर फार्मासिस्टानें काय सांगावें, हें ठरलेलें आहे. फार्मासिस्ट चुकला तर त्यानें रोग्याला काय सांगावें, याचा तोंडी सराव मात्र माझ्या पाहण्यांत फार थोड्या ठिकाणीं होतो. चुकीची व्याख्या मुलांना तोंडपाठ असते. परीक्षेंत ती पांच गुणांना येते, आणि गुण मिळतात.

असा सराव सुरू करण्याचें धाडस आमच्या भागांतील एका कॉलेजांत शिकविणाऱ्या बाईंनीं केलें. रोग्याचा नातेवाईक म्हणून समोर बसावयास त्यांना कोणी परका, वयस्क मनुष्य हवा होता. विद्यार्थी आपसांत हें नाटक करूं लागले कीं हंसतात. त्यांनीं मला बोलावलें. मी खुर्चीवर बसलों, टेबल म्हणजे दुकानाची फळी, आणि एकेक विद्यार्थी येऊन मला सांगूं लागला कीं, माझ्या पत्नीला चुकीची गोळी गेली आहे.

पहिला म्हणाला, “काका, तुमच्या केसमध्यें डिस्पेन्सिंग एरर झाला आहे.” मीं विचारलें, “हा कोणता आजार? बरा होतो का?” वर्ग हंसला, पण मुलगा समजला. दुसरा म्हणाला, “गोळी बदलली गेली आहे.” तिसरी म्हणाली, “चूक झाली आहे.” चौथ्यानें सुरुवातच अशी केली: “काळजी करूं नका, कांहीं होत नाहीं.” कशाची काळजी करूं नको, हें त्यानें अजून सांगितलेंच नव्हतें.

मग मला राहवेना. मीं खडू मागून घेतला आणि फळ्यावर तीं वाक्यें लिहिलीं. “गोळी बदलली गेली.” कोणीं बदलली? कर्ता कोठें आहे? व्याकरणांत याला कर्मकर्तरी म्हणतात; करणारा पडद्याआड आणि गोळीच जणूं कर्ती. “चूक झाली.” येथें व्याकरणाच्या हिशेबानें कर्ता आहे, पण तो कोण? ‘चूक’ हीच! जशी कांहीं ती आपल्या पायांनीं चालत दुकानांत आली, फळीवर चढली आणि होऊन गेली. आपली मराठी भाषा मोठी सोयीची आहे. कप फुटतो, पैसे खर्च होतात, निरोप द्यावयाचा राहून जातो. करणारा शोधूं गेलें तर घरांत कोणीच नसतें. व्यवहारांत यानें भांडणें टळतात, हें मी नाकारीत नाहीं. सासू-सुनांच्या घरांत ‘कप फुटला’ हाच प्रयोग शहाणपणाचा. परंतु औषधाच्या बाबतींत हा लपलेला कर्ता ऐकणाऱ्याच्या मनांत शंका उत्पन्न करतो. जो ‘मीं’ म्हणावयास कचरतो, तो आणखी काय दडवीत असेल, असें त्याला वाटूं लागतें.

म्हणून मीं फळ्यावर तिसरें वाक्य लिहिलें: “मीं तुम्हांला चुकीची गोळी दिली.” एका चाणाक्ष मुलीनें लगेच विचारलें, “सर, हाहि कर्मणीच नाहीं का?” तिचें म्हणणें बरोबर, ‘दिली’ हें क्रियापद गोळीप्रमाणेंच चालतें. पण त्या वाक्याच्या दारांत ‘मीं’ उभा आहे. प्रयोग कोणताहि असो, कर्ता हजर पाहिजे. दुकानांतील दुसऱ्या कोणाच्या हातून चूक झाली असेल तर ‘आमच्या दुकानानें’ म्हणावें. त्या दुसऱ्याचें नांव घेऊन आपण बाजूला होऊं नये.

त्या दिवशीं सर्वांत चांगलें कोण बोललें, तें सांगतों. धडगांवकडील एक मुलगी होती. वर्गांत मागें बसणारी. तिची बोली पावरी आणि मराठी जपून बोलणारी. बाईंनीं तिला मोकळीक दिली कीं, तूं तुझ्या भाषेंत बोल, आणि तिच्याच भागांतील एका विद्यार्थ्याला समोर बसविलें. ती टेबलाच्या अलीकडे आली, त्याच्याजवळ बसली आणि बोलूं लागली. मला पावरी येत नाहीं. पण तिचा पहिला प्रश्न काय होता तें बाईंनीं मला सांगितलें: “त्यांतल्या किती गोळ्या पोटांत गेल्या?” चाळीस मुलांपैकीं हा प्रश्न पहिल्यानें विचारणारी ती एकटीच. बाकी सारे क्षमा मागण्यांत, कारणें देण्यांत किंवा धीर देण्यांत गुंतले होते.

या मुलीनें जो क्रम धरला तोच मला योग्य वाटतो. आधीं शरीर, मग मन, मग हिशेब. किती गोळ्या घेतल्या, केव्हां घेतल्या, सध्यां कसें वाटतें, हें प्रथम. उरलेल्या गोळ्या ताबडतोब थांबवाव्या, पण फेंकूं नयेत; पाकीट जपून ठेवावें, कारण डॉक्टरांना तेंच पाहिजे. मग स्पष्ट सांगावें: तुम्हांला ही गोळी पाहिजे होती, मीं ही दिली, ही अमुक आजाराची आहे, हिच्यानें अमुक त्रास होऊं शकतो, तो दिसला तर वाट पाहूं नका. चुकीच्या औषधाचें नांव कागदावर लिहून द्यावें आणि डॉक्टरांना आपण स्वतः दूरध्वनि करावा. रोग्याच्या गळ्यांत निरोपाचें ओझें घालूं नये. क्षमा मागावी ती याच्या जोडीनें, थोडक्या शब्दांत. गर्दी होती, वीज गेली होती, डॉक्टरांचें अक्षर वाचवत नाहीं, हीं सर्व कारणें खरीं असतील. पण तीं त्या वेळीं बोललीं तर क्षमा पुसली जाते. आणि शेवटीं समोरच्याकडूनच वदवून घ्यावें: “आतां घरीं गेल्यावर तुम्ही काय करणार, तें मला सांगा बघूं.” आम्ही शाळेंत कविता समजावून झाल्यावर मुलाला अर्थ विचारतों, त्यांतलाच हा प्रकार. नुसती मान डोलावली म्हणजे समजलें असें नसतें, हें कोणताहि मास्तर सांगेल.

शब्दांविषयीं एक गोष्ट. अहिराणी बोलणाऱ्या माउलीला “माय, आमनी चूक व्हयनी” असें म्हटलें, तर त्यांत चूक होऊन गेली एवढेंच येत नाहीं. ‘आमनी’ या शब्दानें ती कोणाची हेंहि येतें. तीन शब्दांत काम होतें. असे तीन-तीन शब्द मुलांनीं आपापल्या भाषेंत जमवावे, असा गृहपाठ मीं त्यांना दिला. वहींत लिहून नव्हे, मोठ्यानें म्हणून. पोहणें जसें पुस्तकावरून येत नाहीं, तसें हेंहि येत नाहीं. घसा कोरडा पडला असतां शब्द बाहेर काढण्याची संवय घशालाच लावावी लागते.

आतां विद्यार्थ्यांच्या मनांतील भीतीविषयीं बोललें पाहिजे, कारण ती खोटी नाहीं. एकानें सरळ विचारलें, “सर, मी खरें सांगितलें आणि मालकानें दुसऱ्या दिवसापासून येऊं नको म्हटलें, तर?” दुसऱ्यानें विचारलें, “लोकांनीं दुकान फोडलें तर?” या प्रश्नांना नीतिपाठाचीं वाक्यें हें उत्तर होऊं शकत नाहीं. मीं त्यांना इंग्लंडचें उदाहरण सांगितलें. तेथें २००७ सालीं एका फार्मासिस्ट बाईंच्या हातून प्रेडनिसोलोनऐवजीं प्रोप्रॅनोलॉल गेलें. २००९ सालीं न्यायालयानें त्यांना तुरुंगवासाची, पण स्थगित ठेवलेली, शिक्षा दिली. पुढें अपिलांत ती दंडावर आली. अशानें कोणी चूक कळविणारच नाहीं, अशी त्या धंद्यांतील लोकांची तक्रार होती. शेवटीं २०१८ सालीं कायदा बदलला आणि नोंदणीकृत दुकानांतील अनवधानाच्या चुकीला बचाव मिळाला. मात्र या बचावाला ज्या अटी आहेत त्यांत एक अशी कीं, चूक कळतांच रोग्याला ती कळविण्याचा वाजवी प्रयत्न झाला पाहिजे. म्हणजे कायद्यानें संरक्षण दिलें तें सांगणाराला, लपविणाराला नव्हे. ही तोड मला फार विचारपूर्वक केलेली दिसते. आपल्याकडे हा कायदा नाहीं, हेंहि मीं मुलांना सांगितलें.

अमेरिकेंत केंटकी राज्यांतील लेक्सिंग्टन येथें निवृत्त सैनिकांचें एक सरकारी रुग्णालय आहे. त्यानें १९८७ पासून असें धोरण धरलें कीं, चूक आपली असेल तर रोग्याला आपण होऊन सांगावयाचें, त्याला स्वतःला ती कळण्याचा संभव नसला तरीहि. आणि भरपाईची वाटहि आपणच दाखवावयाची. लोकांना वाटलें, आतां याचें दिवाळें निघणार. तसें झालें नाहीं. पुढें मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनीं २००१ पासून असाच कार्यक्रम हातीं घेतला. २०१० सालीं त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला: दर एक लाख रुग्णभेटींमागें महिन्याला येणाऱ्या नव्या दाव्यांचें प्रमाण सरासरी ७.०३ वरून ४.५२ वर उतरलें. याचें सर्व श्रेय एका सत्यकथनाला देतां येणार नाहीं. त्याच काळांत इतरहि सुधारणा झाल्या. तथापि खरें सांगितल्यानें दाव्यांचा पूर येतो, ही भीति तरी त्यानें खोटी पाडली.

मालकाचा प्रश्न उरतोच. विद्यार्थी कॉलेजांत कितीहि चांगला शिको, त्याचे ते ५०० तास ज्याच्या हाताखालीं जातात त्याचें वळण तो उचलतो. शाळेंत नव्या आलेल्या शिक्षकाची छडी पहिल्या आठवड्यांत कशी पडते, यावर मुलें फुटलेली पाटी दाखवितात कीं दप्तरांत लपवितात, हें ठरून जातें. ज्या दुकानांत चूक सांगणाऱ्या पोराला सर्वांदेखत झापलें जातें, तेथें चुका बंद होत नाहींत. त्या दिसेनाशा होतात. म्हणून माझी अशी सूचना आहे कीं, विद्यार्थी ज्या दुकानांत किंवा रुग्णालयांत कामाला पाठवावयाचा, तेथें एक साधी वही असल्यावांचून त्याला पाठवूं नये. हातून सुटलेली चूक आणि सुटतां सुटतां पकडलेली चूक, दोन्ही तींत लिहाव्या. नांव लिहूं नये. औषध, वेळ आणि कारण लिहावें. महिनाअखेर मालकानें, नोकरांनीं आणि विद्यार्थ्यानें ती एकत्र बसून वाचावी. दोन सारख्या खोक्या एकाच फळीवर शेजारीं ठेवल्या म्हणून तीनदां हात चुकला असेल, तर एक खोकी दुसऱ्या फळीवर ठेवावी. याला पैसा लागत नाहीं. ज्या मालकाला ही वही नको असेल, त्याच्याकडे विद्यार्थी पाठवूं नये; त्यापेक्षां गांवांतील दुसरें दुकान बरें, लहान असलें तरी चालेल.

आणि श्रोतेहो, आपलेंहि यांत एक काम आहे. दुकानांतून आणलेल्या गोळ्यांचा कापलेला तुकडा घेऊं नका; घ्यावाच लागला तर ज्यावर नांव आणि मुदत आहे तो तुकडा मागा. औषध बदललेलें दिसलें, रंग निराळा वाटला, तर गिळण्यापूर्वीं विचारा. औषधानें कांहीं विपरीत त्रास झाला तर तो कळविण्यासाठीं २०१० पासून भारतांत एक राष्ट्रीय कार्यक्रम चालूं आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याची व्यवस्था आहे, आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट दूरध्वनि करतां येतो. आणि एखादे दिवशीं दुकानांतील मुलगा धापा टाकीत आपल्या दारीं आला आणि “मीं तुम्हांला चुकीची गोळी दिली” असें म्हणाला, तर राग येईल, यावा. पण आधीं त्याला आंत घ्या आणि तो काय सांगतो तें ऐका. तो न येतां घरीं बसूं शकला असता.

त्या कॉलेजांत हा सराव आतां दर महिन्याला होतो. पुढला तास लहान मुलांच्या पातळ औषधांचा आहे. बाटलीबरोबर मापाची टोपी द्यावयाची दुकानदार विसरला आणि आईनें घरांतील पोह्यांच्या चमच्यानें तापाचें औषध पाजलें, असा प्रसंग बाईंनीं ठरविला आहे. मला रागावलेल्या आजोबांचें काम दिलें आहे. येतांना काठी घेऊन या, असा त्यांचा निरोप आहे.